एक्केचाळीसशे की चाळीसशे दहा

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो, आणि साधारण त्याच सुमाराला आमच्या परीक्षेचं वेळापत्रक लागतं. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. सकाळी साडेसात ते दीड कॉलेज. दुपारी तीन ते रात्री आठ एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा गूळ विकून देणाऱ्या दुकानात, पट्ट्या लिहायच्या. मधल्या दीड तासात राजारामपुरीतल्या खोलीवर येऊन जेवायचं आणि केएमटी, म्हणजे शहरातली बस, पकडायची.

पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब. किती रवे (गुळाच्या ढेपा), वजन किती, दर काय, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात काय पडणार. पगार 6,000. त्यातले 2,200 कॉट बेसिसचे, 2,800 मेसचे. राहिलेल्या हजारात बसचा पास, जर्नल, मोबाईल. घरून पैसे मागायचे नाहीत हे मीच ठरवलंय, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

एकदा बसमध्ये बसून मी हिशोब केला. सेमिस्टरला 22 क्रेडिट. त्यातली 14 थिअरीची, एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे 210. आठ प्रॅक्टिकलची, एकेकाला 30 तास, म्हणजे 240. एकूण 450. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 30 तास. दुकानाचेही पाच सक तीस. दुकानाचा हिशोब बघणाऱ्या दिवाणजींना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "म्हणजे एक रवा हिकडं, एक रवा तिकडं. काटा सरळ की गं!" (मोठा रवा तीस किलोचा असतो.)

काटा सरळ नाही, हे त्यांना कसं सांगू? जर्नल लिहिणं, वाचणं, झोपणं यातलं काहीच त्या तिसात नाही. आणि दुसरं म्हणजे दुकानात उशीर झाला तर त्याच दिवशी कोणीतरी विचारतं. अभ्यास मात्र बिचारा गप्प बसून राहतो, चार महिने एक शब्द बोलत नाही. मग ओढाताण झाली की ढकलायचं कुणाला? जो बोलत नाही त्याला.

गेल्या नोव्हेंबरात इंटर्नल होती. आदल्या रात्री दोनपर्यंत स्पेक्ट्रोस्कोपी वाचलेली, सकाळी पेपर, दुपारी दुकान. त्या दिवशी आवकही जास्त होती. पन्हाळ्याकडच्या एका काकांचे 73 रवे होते, 21.90 क्विंटल. दर 4,100. मी लिहिला 4,010. पुढचं गुणाकार-वजाबाकीचं काम अगदी चोख केलं. चुकीच्या आकड्याचं, पण चोख.

काका पट्टी घेऊन बाहेर गेले आणि दहा मिनिटांनी परत आले. आवाज चढवला नाही. "पोरी, जरा परत बघ की. सौद्यात एक्केचाळीसशे म्हणालते."

फरक निघाला 1,971 रुपयांचा. माझा बाप ऊस कारखान्याला घालतो, बिलातले दोनशे रुपये कुठं गेले म्हणून अख्खा रविवार बसतो. मला मान वर करवेना. "मी परत लिहितो काका," एवढंच म्हणाले. (हो, आम्ही कोल्हापूरच्या पोरी बोलताना 'येतो-जातो'च म्हणतो. लिहिताना तेवढं सुधारतो.) नवी पट्टी घेऊन त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि विचारलं, "कितवीला हाईस?" यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दिवाणजी रात्री दुकान बंद करताना बोलले. "उद्या पेपर आहे हे कालच सांगायला काय झालंतं?" खरंच सांगितलं नव्हतं. कॉलेजात नोकरी लपवायची, दुकानात परीक्षा लपवायची, दोन्हीकडे 'मला जमतंय' असं दाखवायचं. मालक लगेच काही म्हणाले नाहीत, पण परीक्षेच्या आठवड्यात मी फक्त दोन तास यायचं आणि भर सीझनमध्ये ते भरून काढायचं, असं ठरलं. पगार कापला नाही. लेखी काही नाही, तोंडी आहे.

कॉलेजचं अवघड गेलं. दर 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीला आमच्याकडे 'कमवा आणि शिका'वर भाषणं होतात. कर्मवीर आपल्याच जिल्ह्यातले, कुंभोजचे. दुसऱ्या आठवड्यात हजेरी कमी असलेल्यांची यादी लागते, आणि त्यात निम्मी नावं कमावणाऱ्यांची. भाषणात कुणी सांगत नाही की कर्मवीरांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात काम आणि शिक्षण दोन्ही संस्थेच्याच हातात होतं, त्यामुळे वेळ जुळवणं संस्थेचं काम होतं. आता ते केएमटीवर सोपवलंय.

एका मॅडमनी मात्र ऐकून घेतलं. प्रोजेक्टचा विषय ठरत नव्हता. त्यांनीच विचारलं, "दिवसभर गुळात असतेस ना?" पिवळाधमक गूळ दिसला की दर चढतो, म्हणून काही गुऱ्हाळांत काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या कढईत, हायड्रॉस (रंग उजळवणारी गंधकाची पावडर) टाकतात. ज्यांना ते नको ते भेंडीच्या चिकावर रसातली मळी काढतात, गूळ थोडा काळपट होतो आणि दरात मार खातो. तर हायड्रॉसमुळे गुळात राहिलेलं सल्फाइट आयोडीन टायट्रेशननं मोजायचं. नमुने दिवाणजींनी दिले, पुड्यांवर नंबर घालून, कुणाचा कुठला ते न सांगता. "नाव कळलं तर तुझा हात थरथरंल," म्हणाले.

काळपट गुळाचा त्रास इथंही आहेच. तपकिरी द्रावणात स्टार्चचा निळा रंग कधी आला ते दिसतच नाही. खाली पांढरा कागद ठेवून, द्रावण पातळ करून, आयोडीन थेंब-थेंब सोडावं लागतं.

त्या पट्टीपासून मला एक सवय लागलीय. कुठलाही आकडा लिहिला की मोठ्यानं वाचायचा. दुकानात आता कुणी वर बघत नाही. परवा लॅबमध्ये ब्युरेटसमोर वाकून मी म्हणत होते, "सहा पॉइंट चार. सहा पॉइंट चार." शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "कुणाला सौदा सांगायलीस?"