आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बग्गीला स्टीअरिंग सर्व्हो घेताय? आधी किलो सोडून बाकीचं बघा

ट्रॅकवर नवीन आलेला प्रत्येक जण सर्व्होबद्दल, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरबद्दल, एकच प्रश्न विचारतो, "दादा २० किलोचा बसेल ना, की सरळ ३५ किलोचाच घेऊ?" म्हणजे सर्व्हो नाही, तांदूळ घ्यायला निघालाय. दोष त्यांचा नाहीये, लेबलवर सगळ्यात मोठ्या अक्षरात किलोच छापलेले असतात आणि ज्यावर रेस ठरते ते बारीक अक्षरात खाली कुठेतरी.

तर आधी ते किलो म्हणजे काय ते बघू. २० किलो म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून १ सेंटीमीटरवर २० किलोचा जोर. हॉर्नमध्ये (शाफ्टवर बसतो तो दांडा) लिंक (चाकांकडे जाणारी काडी) २ सेंटीमीटरच्या भोकात लावली की तिथे राहिले १०. आणि हा आकडा स्टॉलचा असतो, म्हणजे सर्व्हो अडकून जागच्या जागी थांबतो तेव्हाचा, फिरतानाचा नाही. वर तो सगळ्यात जास्त व्होल्टेजवर मोजलेला असतो, तुमच्या गाडीत तेवढं व्होल्टेज पोचतंय का हे कोण बघतो?

वन टेन (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) टू व्हील ड्राइव्ह बग्गीचं वजन असतं दीड किलोच्या आसपास. तिची पुढची चाकं वळवायला ८ ते १२ किलो टॉर्क (हाच तो जोर) पुष्कळ झाला. तिला हवा असतो स्पीड. स्पीड सेकंदात लिहितात, ६० अंश फिरायला किती वेळ लागतो तो, म्हणून आकडा जितका लहान तितकं चांगलं, हे पण बरेच जण उलटं वाचतात. रोबोटिक्सच्या दुकानात चार-पाचशे रुपयांत मिळणारा एमजी९९६आर घ्या, ६ व्होल्टला टॉर्क ११ किलो आणि स्पीड ०.१४. आता सॅव्हॉक्सचा एससी-१२५८टीजी घ्या, ६ व्होल्टला १२ किलो आणि ०.०८. किलो जवळजवळ तेच, मग किमतीत एवढा फरक कशाला? समजा फुल लॉकला (चाक पूर्ण वळेपर्यंत) हॉर्न ४० अंश फिरतो. पहिल्याला लागले ०.०९ सेकंद, दुसऱ्याला ०.०५. गाडी ताशी ३६ किलोमीटरने असेल तर सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे त्या फरकात गाडी ४० सेंटीमीटर पुढे निघून गेली. तेवढ्यात कॉर्नरला ट्रॅकच्या कडेचा पाइप लागतो. जंपवरून वाकडी उतरलेली गाडी सरळ करायला पण हाच वेळ कामाला येतो, आणि तिथे ३५ किलो टॉर्क असून काही उपयोग नाही.

वन एटचं (आठव्या हिश्श्याच्या गाडीचं) गणित वेगळं. ती गाडी तीन किलोच्या वर, टायर मोठे, खड्ड्यांत चाकं सारखी स्टीअरिंगवर उलटा झटका मारतात. तिथे २० ते ३० किलोचा घ्याच, पण स्पीड ०.१० च्या आसपास ठेवून. ०.१६ चा ३५ किलोवाला घेऊन रेस करायची म्हणजे ट्रॅक्टरला पॉवर स्टीअरिंग.

आपल्याकडे अजून एक लोचा आहे. इथे सहज मिळणारे बरेचसे सर्व्हो रोबोटिक्सवाल्यांसाठी असतात, आणि त्यात १८० अंशाचा, २७० अंशाचा आणि ३६० चा असे प्रकार. ३६० चा तर बघूच नका, तो मोटरसारखा फिरतच राहतो, त्याला सेंटर असा नसतोच. २७० वाला चालतो पण तेवढ्याच सिग्नलला १८० वाल्याच्या दीडपट फिरतो, मग एंड पॉइंट (सर्व्हो किती फिरावा याची रिमोटमधली मर्यादा) खूप खाली आणावे लागतात आणि बोट जरा हललं की गाडी नाचते. ऑर्डर करताना हे नीट वाचा, फोटो सगळ्यांचा सारखाच असतो.

आता करंट, ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. डिजिटल सर्व्हो जोरात फिरताना किंवा अडकल्यावर भरपूर करंट ओढतो, आणि तो येतो ईएससीच्या (मोटरचा स्पीड सांभाळणारा कंट्रोलर) बीईसीमधून (त्यातला सर्व्हो-रिसिव्हरला कमी व्होल्टेज देणारा भाग). स्वस्त ईएससीचा बीईसी २-३ अँपचा, त्याच्यावर मोठा सर्व्हो लावला की व्होल्टेज खाली बसतं, रिसिव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) बंद पडून परत चालू होतो, आणि तेवढा वेळ गाडी कुणाचीच नसते. आमच्यातल्या एकाने यापायी रेडिओच (म्हणजे रिमोट) बदलायला काढला होता, रेंज कमी आहे म्हणून. रेंज मस्त होती, प्रत्येक टाइट कॉर्नरला रिसिव्हरचं व्होल्टेज पडत होतं. रिसिव्हरच्या रिकाम्या चॅनलला १६ व्होल्टचा ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि प्रकरण मिटलं (प्लस-मायनस उलटं लावू नका, फुटतो). बीईसी खूपच अशक्त असेल तर मात्र कपॅसिटरने पण भागत नाही, वेगळा बीईसी लावा. आणि ७.४ व्होल्टची सेटिंग करायच्या आधी सर्व्होवर एचव्ही (हाय व्होल्टेज) लिहिलंय का बघा, ६ व्होल्टवाला त्यात जळेल.

सेंटरिंग (सोडल्यावर सर्व्हो बरोबर मधे येतो का) कसं तपासायचं तर डावीकडे वळवून सोडा, गाडी पुढे जाऊ द्या, मग उजवीकडे वळवून सोडा. दोन्ही वेळा सरळ गेली पाहिजे. नाही गेली तर लगेच सर्व्होला शिव्या नकोत, लिंक काढून फक्त हॉर्न बघा. हॉर्न बरोबर मधे येत असेल तर घोळ पुढे आहे, लिंकच्या टोकाचा बॉल कप टाइट असेल, झटका झेलणारा सेव्हर ढिला असेल, बेअरिंगमध्ये माती गेली असेल. माझ्या मते निम्मे "खराब" सर्व्हो असेच फुकट बदनाम होतात.

गिअर मेटलचेच घ्या, ऑफ रोडला प्लास्टिक टिकत नाही. हॉर्न घेताना शाफ्टचे दाते मोजा, फुटाबा आणि सॅव्हॉक्सला २५, जुन्या हायटेकला बहुतेक २४, सान्वा आणि केओला २३. २५ चा हॉर्न २३ वर ठोकून बसवणारे महाभाग पाहिलेत मी. स्क्रूला थोडं थ्रेडलॉक (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावा, धातूत धातू असल्याने कंपनाने सुटतो. उंचीचं पण बघा, काही बग्गीत लो प्रोफाइलच (कमी उंचीचा) बसतो.

बसवताना रेडिओ चालू करून, ट्रिम शून्य ठेवून हॉर्न जमेल तितका लिंकला काटकोनात लावा, उरलेलं सबट्रिमने (रेडिओतून मधली जागा बारीक सरकवून). मग चाक पूर्ण वळून थांबतं तिथून एंड पॉइंट किंचित मागे. लॉकला सर्व्हो गुणगुणत राहिला तर समजा तो चेसिसशी कुस्ती खेळतोय, आणि असे सर्व्हो लवकर जळतात. सेंटरला हलकी गुणगुण मात्र डिजिटलची सवयच आहे, घाबरू नका.

बजेट कमी असेल तर नव्या टायरच्या सेटचे पैसे यावेळी सर्व्होत घाला. आणि काढलेला जुना फेकू नका, कुणी नायट्रोवाला (इंजिनची गाडी चालवणारा) ओळखीचा असेल तर त्याच्या थ्रॉटल-ब्रेकला छान चालून जातो.