मनोऱ्याची बेगड

प्रदर्शनासाठी पोलंडमधल्या क्राकूवहून आलेली पेटी जर्मनीतल्या न्यूर्नबर्गला उतरवली की 24 तास तिला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. नोव्हेंबरअखेरच्या गारठ्यात आठशेच्या वर किलोमीटर आलेली पेटी आतून गारठलेली असते आणि हॉलमध्ये हीटर चालू असतात. लगेच झाकण काढलं तर गार बेगडीवर दव धरतं. खालचा पुठ्ठा ओलावा पिऊन फुगतो, बेगड काही ताणत नाही, त्यामुळे कडेचा गोंद सुटतो. पुढे हीटरच्या कोरड्या हवेत पुठ्ठा आक्रसला की तिथे फोड येतो. आयोजकांना हे दर वर्षी सांगतो. पण त्यांचं लक्ष संध्याकाळी सहाच्या उद्घाटनाकडे.

या वेळी सातव्या तासालाच झाकण निघालं. मी मागच्या दाराशी दुसरी पेटी उतरवत होतो.

आत शोप्का होती. हा क्राकूवचा नाताळचा देखावा. येशूजन्म असतो, पण गोठ्यात नाही, तर खुद्द क्राकूवच्या इमारतींत: मारियाकी चर्चचे एक उंच, एक बुटका असे दोन मनोरे, वावेल टेकडीवरच्या झिग्मुंट चॅपेलचा सोनेरी घुमट. लाकडी सांगाडा, पुठ्ठ्याच्या भिंती आणि वर इंच न् इंच रंगीत बेगड. आपल्याकडच्या मखराची आठवण येते, फक्त इथे नक्षी बोटाच्या पेरापेक्षा बारीक. हिवाळ्यात बांधकाम बंद पडलं की गवंडी हे बनवून विकायचे. 1937 पासून स्पर्धा भरते, डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी, मुख्य चौकात कवी मिकिएविचच्या पुतळ्यापाशी. 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं.

ही शोप्का तिकडच्या एका संग्रहातून उसनी आणलेली. मनोऱ्यांचे कळस वेगळे काढून फोममध्ये कोरलेल्या खाचांत बसवलेले, स्क्रू हाताने आवळलेले. पॅकिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. उंच मनोऱ्याच्या तिसऱ्या खिडकीखाली लाल बेगडीचा चारेक सेंटीमीटरचा पट्टा सुटून वर वळला होता. स्थिती-अहवालात नोंद केली, तिरप्या उजेडात फोटो काढले आणि बजावलं, कुणी चिकटवायचं नाही.

मी एवढा आग्रह का धरतो, तर हे न्यूर्नबर्ग आहे म्हणून. शिल्पकार विट श्टव्होश 1477 मध्ये इथूनच क्राकूवला गेला, मारियाकी चर्चची ती प्रचंड लाकडी वेदी त्याने 1489 पर्यंत पुरी केली आणि 1496 मध्ये इथे परतला. नाझींनी ती वेदी लुटून इथे आणली, किल्ल्याखालच्या तळघरात ठेवली. 1946 मध्ये ती परत गेली. 1979 मध्ये या दोन शहरांनी भगिनी-शहरांचा करार केला, 1996 मध्ये एकमेकांच्या गावात आपापलं एकेक सांस्कृतिक केंद्र उघडलं. भाषणांत करार येतो, वेदी फारशी येत नाही. क्राकूवहून आलेली वस्तू इथून जशीच्या तशीच परत गेली पाहिजे, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या पाहुण्यांबरोबर शोप्का बनवणारे आजोबा आले. दुभाषी मुलीने पट्टा दाखवला. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला, नखाने सुटलेली बेगड अलगद पूर्ण उचलली आणि खिशातून आदल्या रात्रीच्या मेजवानीतल्या चॉकलेटची लाल चांदी काढली. अंगठ्याच्या नखाने टेबलाच्या कडेवर घासून गुळगुळीत केली, मापाने कापली, काडीने गोंद लावला. पाच मिनिटांत काम झालं. मी शेजारी उभा होतो. त्यांना थांबवायला हवं होतं. वस्तू आता त्यांची नव्हती, संग्रहाची होती. पण ज्या हाताने मनोरा उभा केला, तोच हात तो सावरत असताना माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

“ताई, चूक झाली,” असं म्हणून संग्रहाच्या बाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “जुना तुकडा टाकू नका. पाकिटात ठेवा, तारीख घाला, ‘कारागिराकडून दुरुस्ती’ असं लिहा.”

तुकडा चिमट्याने उचलून आम्लमुक्त कागदात ठेवताना उलटा झाला. मागे गोंदाच्या पिवळट थराखाली छापील अक्षरं होती, अर्धी पुसलेली, पोलिश. तीही कुठल्या तरी मिठाईचीच चांदी.

अहवालात ‘मूळ साहित्य’ असा एक रकाना आहे. फोटो जोडले, पाकिटाचा क्रमांक घातला. तो रकाना अजून रिकामा आहे. पेटी जानेवारीत परत जायची आहे.