वहिनी आता बऱ्या आहेत ना?

"वहिनी आता बऱ्या आहेत ना? परवा लग्नात किती छान दिसत होत्या!" नागपुरात ओळखीचं कुणीही भेटलं की हे विचारतं. तुम्ही आपुलकीनं विचारता, मी घाईत 'हो' म्हणून पुढे जातो. आज नीट सांगतो: माझ्या बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे.

लग्नात ती खरंच छान होती. त्यासाठी आदला अख्खा दिवस तिनं पडून काढला होता. कार्यालयात पोचल्यावर मी आधी बाथरूम कुठे आहे ते बघून आलो, कारण लघवीची घाई झाली की तिला थांबवता येत नाही. दुसऱ्या दिवशी तिला चहाचा कप धरवत नव्हता.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते. घाव कुठे बसला त्यावर ठरतं, काय बिघडणार: नजर, तोल, पाय की मूत्राशय. आजार बहुतेकांना विशी ते चाळिशीत गाठतो, बायकांना जास्त. औषधांनी अटॅक, म्हणजे त्रास नव्यानं उफाळून येणं, कमी होतात, पण आजार मुळातून जात नाही.

त्यात आपला उन्हाळा. अंग थोडं तापलं तरी आवरण गेलेल्या नसांमधून संदेश नीट पोचत नाहीत. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी हे १८९० साली लिहून ठेवलं. ४५ अंशांच्या मे महिन्यात कूलर बंद पडला की तासाभरात तिचे पाय जड होतात, डोळ्यांपुढे धूसर होतं. मी मानेवर ओला पंचा टाकतो आणि वाट बघतो. गारवा मिळाल्यावर बरं वाटलं तर ते ऊन होतं. दिवस उलटूनही ओसरलं नाही तर कदाचित नवा अटॅक, म्हणजे डॉक्टरांना फोन, बहुधा ॲडमिट आणि तीन ते पाच दिवस स्टिरॉइडचं सलाइन. ती "मुंग्या येतायत" म्हणाली की माझ्या पोटात गोळा येतो, तो या वाट बघण्यामुळे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. तरी बसमध्ये राखीव जागेवर बसली की लोक तिच्याकडे असे रोखून बघतात, की ती उठून उभी राहते. याचा मला फार राग येतो.

आणि एक. हा प्रश्न तुम्ही मला विचारता तेव्हा ती बहुतेकदा माझ्या शेजारीच असते. तिलाच विचारा. फक्त आधी बसायला खुर्ची द्या.