पिकोन्यूटन मोजायचे तर आधी कॅन्टिलिव्हर मोजा

पीएचडीत एएफएमवर (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप; टोकाला सुई असलेल्या सूक्ष्म पट्टीने, म्हणजे कॅन्टिलिव्हरने, बल मोजणारं यंत्र) प्रथिनं ताणायला घेतली, तेव्हा माझा बराचसा वेळ प्रथिनांवर नाही, कॅलिब्रेशनवर गेला. टायटिन या स्नायूतल्या प्रथिनाचं एक इम्युनोग्लोब्युलिन डोमेन (घडी घातलेला तुकडा) उलगडायला साधारण 150 ते 300 पिकोन्यूटन (न्यूटनचा लाख कोटीवा भाग) लागतात. कॅन्टिलिव्हर वाकला की त्यावरून परतणारा लेसर सरकतो; यंत्र मात्र तो टिपणाऱ्या फोटोडायोडचे व्होल्ट देतं, मधला हिशेब आपला.

कॅन्टिलिव्हरच्या डबीवर छापलेल्या स्प्रिंग कॉन्स्टंटवर, म्हणजे ताठपणाच्या आकड्यावर, मी विसंबत नाही. तो पट्टीच्या जाडीच्या घनानुसार बदलतो. जाडी 10 टक्के जास्त निघाली तर कॉन्स्टंट 33 टक्क्यांनी वाढतो.

प्रोब (कॅन्टिलिव्हरची चिप) बसवण्याआधी टोकावर बफरचा (मिठाच्या द्रावणाचा) थेंब सोडते, नाहीतर बुडबुडा अडकतो. लेसर टोकाजवळ आणला की अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. सोन्याचा मुलामा आणि खालचं सिलिकन नायट्राइड उष्णतेने सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे कॅन्टिलिव्हर हळूहळू वाकत राहतो.

दुसरी गोष्ट सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका व्होल्टला किती नॅनोमीटर. खरी गोम इथेच आहे. टिप (सुई) स्वच्छ काचेवर दाबून आलेखातल्या संपर्काच्या सरळ रेषेचा उतार घ्यायचा. प्रथिनाचा थर असलेल्या जागी घेतला तर थरच दबतो आणि सेन्सिटिव्हिटी फुगते. ती 10 टक्के फुगली तर थर्मल पद्धतीत (उष्णतेने होणाऱ्या थरथरीवरून कॉन्स्टंट काढायची पद्धत) कॉन्स्टंट 17 टक्के कमी भरतो, पण बल 9 टक्केच कमी दिसतं, कारण बलाच्या गुणाकारात (व्होल्ट × सेन्सिटिव्हिटी × कॉन्स्टंट) तीच सेन्सिटिव्हिटी परत येते. चूक अर्धवट झाकली जाते म्हणूनच ती सापडत नाही. काचेवर दाबून टिप बोथट होते, त्यामुळे हे काम मी शेवटी करते.

थर्मलसाठी टिप काही शे मायक्रॉन वर उचलायची. पृष्ठभागाजवळ मधल्या पाण्याने डॅम्पिंग, म्हणजे थरथरीला होणारा अवरोध, वाढतं. 0.04 न्यूटन प्रति मीटरचा कॅन्टिलिव्हर 25 अंशांना सरासरी 0.32 नॅनोमीटर थरथरतो. पाण्यात या थरथरीच्या वारंवारतेच्या आलेखातलं शिखर पसरट येतं. त्याच्या डावीकडचा, कमी वारंवारतेचा एसी-लिफ्टचा गोंगाट फिटमधून वगळा. आयताकृती कॅन्टिलिव्हरला 0.817 चा गुणक लागतो. सॉफ्टवेअर तो स्वतःच लावतं का, हे मॅन्युअलमध्ये पाहा. दोनदा लागला तर कॉन्स्टंट आणखी 18 टक्के घसरतो.

पडताळणीला दुपेडी डीएनए उत्तम. 150 मिलिमोलर मिठाच्या बफरमध्ये ते ताणलं की 65 पिकोन्यूटनच्या आसपास आलेख सपाट होतो. तो 55 वर सपाट झाला, तर मी आधी सेन्सिटिव्हिटी पुन्हा घेते.