तुम्ही विचारलंत म्हणून: देवळात काऊन येत नाही?

"नास्तिक झाले का बाप्पा?" पारावर विचारलं, बाजारात विचारलं, एकदा तर मयतीत लाकडं रचतानाही एकानं विचारलं. तुम्ही परत विचारलंत म्हणून आता लिहूनच टाकतो.

नाही झालो. माळ काढली हे खरं आहे. पण माळ काढली म्हणजे मटण सुरू झालं असं जे दोघं-तिघं सांगत फिरतात त्यांना सांगा, अजूनही खात नाही.

झालं ते गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या सप्ताहात. मी तेव्हा कमिटीत होतो, वीणा धरून उभं राहायच्या पहाऱ्याची यादी माझ्याकडे. सात दिवस म्हणजे १६८ तास, दोन-दोन तासांचे ८४ पहारे, आणि रात्री दोन ते चारला कोणी नाव देत नाही म्हणून तिथं मी माझंच टाकायचो. चढाओढीनं टाकायचो, खोटं कशाला बोलू. सकाळी काकड्याला लोक आले की मी उभा दिसलो पाहिजे, गळ्यात वीणा, डोळे लाल.

पाचव्या रात्री चारचा माणूस आलाच नाही. माघाची थंडी, मंडपात गाद्यांवर दोघं-चौघं घोरत पडलेले, आणि खांबाला टेकून आबाजी जागे. आबाजी म्हणजे पंगतीतल्या पत्रावळ्या उचलणारा म्हातारा, गावाच्या खालच्या अंगाला राहतो, जेवतो शेवटच्या पंगतीत, तेही सगळं आवरल्यावर. मला डुलक्या येत होत्या ते त्यानं पाहिलं. म्हणाला, "द्या ना भाऊ, मी धरतो घडीभर, तुमी तोंडावर पानी मारून या."

मी म्हटलं, यादीत नाव नाही तुमचं.

यादी मीच लिहिली होती. नाव का नाही, हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही. तो काही बोलला नाही, घोंगडं ओढून घेतलं. मग कितीक वेळ गेला काय माहीत, रामकृष्णहरी म्हणता म्हणता माझे गुडघे वाकले आणि वीणेचा भोपळा सतरंजीवर टेकला, ठक्क असा आवाज झाला, तार थोडा वेळ वाजत राहिली. सात दिवस जमिनीला टेकवायची नाही म्हणतात ती वीणा. मी दचकून देवाकडे पाहायला पाहिजे होतं ना? मी गाद्यांकडे पाहिलं, कोणी उठलं तर नाही. नंतर आबाजीकडे. तो जागाच होता. म्हणाला, "टेकली तं टेकली, उचला."

उचलली. काकडा झाला, सातव्या दिवशी काला झाला, वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी, आणि कीर्तनकार महाराजांनी कीर्तनात अखंड पहाऱ्याबद्दल माझं नाव घेऊन सत्कार केला, शाल-श्रीफळ. मी घेतलं. समोर आबाजी पत्रावळ्या गोळा करत होता. शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, १८७८ साली, त्याच तिथीचा तर सप्ताह आपला. हे मी स्वतः माइकवर किती वेळा सांगितलंय.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीनं देऊळ सोडतं का कोणी. मीही तेच म्हणत होतो, वर्षभर. मग एक उत्तर सापडलं, की आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबाही मूर्तीपुढं बसून राहिले नाहीत. दोनेक वर्षं हेच तोंडावर फेकलं लोकांच्या. पण ते बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, १९५६ ला गेले तेही फिरतीवरच, वलगावजवळ. मी माझं अंगणही झाडत नाही, बायको झाडते. तेव्हा ते उत्तर परत घेतो.

आता सकाळी वावरात धुऱ्यावर बसतो, नाव घेतो. काही दिसत बिसत नाही. बहुतेक वेळा तुरीचा भाव आणि पंपाचं बिलच डोक्यात येतं. कधी वाटतं देवळात न जाणं हाही आता माझा एक टिळाच झालाय, लोक विचारतात ते बरंच वाटतं आतून. आणि तेव्हा सगळा देखावाच होता असंही म्हणवत नाही, तिसऱ्या-चौथ्या रात्री वीणा धरून उभं असताना थंडी, पाय, कमिटी सगळं विसरून जायचो, ते खोटं नव्हतं. ते धुऱ्यावर अजून एकदाही झालं नाही.

मागच्या पोळ्याला आबाजीकडे गेलो होतो, म्हटलं गावाला सांगून टाकतो वीणा टेकली म्हणून. तो हसला, म्हणे, "कायले सांगता? पुन्हा सात दिवस उभं राहा लागन सगळ्यायले."

मग मीच विचारलं, यंदा तुमचं नाव टाकू का यादीत? तर म्हणे, "रात्रीचं नोका टाकू, मले झोप येते."

यादी आता दुसऱ्याकडे आहे. परवा त्याचा फोन आला होता, दोन ते चार रिकामं आहे म्हणाला. मी अजून हो म्हटलं नाही. आबाजीचं दिवसाचं नाव घेतो का म्हणून विचारलंय त्याला, तो म्हणे कमिटीत पाहतो.