लेंड्यांवरून ओळखायचा प्राणी

नान्युकीला, माउंट केनियाच्या पायथ्याशी, कुंपणाआड पहाडी बोंगो हे मोठं कुरंग पाहिलं तेव्हा पहिला प्रश्न पडला: एवढं धूड जंगलात लपतं कसं? विटकरी अंग, त्यावर १०-१५ पांढरे उभे पट्टे, आणि मोठ्या नराचं वजन ३०० किलोंच्या वर. पण दाट बांबूत कवडसे पडले की याच पट्ट्यांमुळे अंगाची रेषा हरवते. शिंगं नर-मादी दोघांनाही. झाडोऱ्यातून पळताना हनुवटी उचलून ती पाठीला टेकवतात, म्हणून वयस्कर बोंगोंच्या पाठीवर केस झडलेले चट्टे दिसतात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. वीज पडून जळालेलं लाकूडही ते चघळतात, बहुधा क्षारांसाठी.

हा पहाडी प्रकार फक्त केनियात उरलाय: अॅबरडेअर, माउंट केनिया, माऊ आणि एबुरूच्या जंगलांत मिळून शंभराहून कमी. जंगलतोड, कुत्री घेऊन केलेली शिकार, तारेचे फास आणि गुरांकडून आलेले रोग, सगळ्यांनी हातभार लावला.

गंमत म्हणजे पूर्वी इथून पकडून परदेशी प्राणिसंग्रहालयांत नेलेल्या बोंगोंची प्रजाच आता परत येतेय. २००४ मध्ये अमेरिकेतून १८ नान्युकीला आले, २०२५ मध्ये फ्लोरिडातून आणखी १७ केनियात आले. मधल्या काळात, २०२२ साली, मविंगू अभयारण्यात पहिले बोंगो सोडले. विमान उतरलं की कॅमेरे जमतात, ते ठीकच. पण माणसाच्या हातून खाल्लेल्या जनावराला माणसापासून पळायला कोण शिकवणार? म्हणून पिंजऱ्यातल्यांऐवजी त्यांची इथे जन्मलेली पिल्लं सोडायची, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

माझ्या मते खरी मदार माग काढणाऱ्यांवर आहे. ‘बोंगो सर्व्हेलन्स प्रोजेक्ट’चे लोक २००४ पासून रान तुडवतायत. बोंगो क्वचितच दिसतो, तेव्हा खुरांचे ठसे, कुरतडलेला पाला आणि लेंड्या शोधायच्या, कॅमेरे लावायचे, वाटेत सापडतील ते फास काढायचे. लेंड्यांतून डीएनएसुद्धा मिळतो. इतक्या थोड्या प्राण्यांत नात्यातच जोड्या जमण्याचा धोका असतो, त्यामुळे ती माहिती मोलाची.

केनियाच्या आराखड्यात ५० वर्षांत ७५० बोंगोंचं उद्दिष्ट आहे. नऊ महिन्यांच्या गर्भारपणानंतर सहसा एकच पाडस होतं, त्यामुळे घाई करून भागणार नाही. तोवर दर महिन्याला फास काढणाऱ्यांचा पगार मात्र निघायला हवा.