आमची वाटचाल : बेअरिंग, बेल्ट, ऑइल सील आणि एक कच्चं बिल

अशोक चौकातून अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे निघालं की लूमचा खडखडाट सुरू होतो. सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला तो त्रास वाटतो, आम्हाला तो बंद पडला की धास्ती वाटते. टॉवेल आणि चादरी जगभर जातात, त्यांना भौगोलिक मानांकन आहे, त्यांची छायाचित्रं छापून येतात. त्या लूमच्या मोटारीत फिरणाऱ्या बेअरिंगचं छायाचित्र कोणी छापत नाही. आमचा धंदा त्या बेअरिंगचा.

दुकान दोघांच्या भागीदारीत सुरू झालं. भांडवल आमचं आणि हात भागीदारांचा. ते मूळचे जॉबर, म्हणजे लूमची जोडणी-दुरुस्ती करणारे. गाळा दहा बाय बाराचा. काउंटरवर चार वस्तू कायम मांडलेल्या असायच्या आणि आजही असतात : बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर, बेल्ट मोजायची खाचांची पट्टी, पुलीच्या खाचेत घालायचं गेज आणि तेलकट झालेला मापांचा तक्ता. व्हर्निअर दोनदा बदललं. तक्ता बदललेला नाही, कारण तो भागीदारांना पाठ आहे आणि बाकीच्यांनी तोंडदेखलं त्याच्याकडे बघायचं असतं.

पार्टच्या दुकानात चांगली सेवा म्हणजे चहा पाजणं, असा एक समज आहे. चहा पाजून चुकीचं बेअरिंग दिलं तर कारखान्याची पाळी बसून राहते. सेवा म्हणजे माल हातात देण्याआधी विचारलेले दोन-तीन प्रश्न. एवढंच शिकायला आम्हाला वर्षं लागली आणि नवीन पोरांना शिकवायला अजून लागतात.

उदाहरण रोजचंच. माणूस येतो, “एक एचपीच्या मोटारीचं बेरिंग द्या की.” वाईट काउंटर ६२०४ नंबरचं काढून देतं. चांगलं काउंटर विचारतं, मोटार मिनिटाला किती फेऱ्यांची? १४४० ची असेल तर बहुधा ८० ची फ्रेम, म्हणजे मोटारीच्या सांगाड्याचा आकार, आणि ६२०४. ९६० ची असेल तर फ्रेम ९० ची आणि ६२०५. मोटारीवरची पाटी रंगात बुजलेली असते, म्हणून जुनं बेअरिंग मागायचं. जुनं नसेल तर शाफ्टचं माप. शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतलं भोक मिळतं, ०४ म्हणजे २० मिमी, ०५ म्हणजे २५. पण ते ०४ पासून पुढे. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. इथे पाचचा पाढा म्हणणारा पोरगा काउंटरवर एकटा ठेवायचा नाही.

आणि ६२०५ व ६३०४ ही जोडी तर काउंटरची परीक्षाच आहे. दोन्हींचा बाहेरचा व्यास ५२, दोन्हींची जाडी १५. एकाचं भोक २५, दुसऱ्याचं २०. घरात, म्हणजे बेअरिंग ज्या खोबणीत बसतं तिथे, दोन्ही चपखल बसतात. जॉबरने फक्त घराचं माप आणलं आणि काउंटरने तेवढ्यावर माल दिला, तर चूक शाफ्ट घालताना कळते, तोवर दुकान बंद झालेलं असतं.

नंबर बरोबर आला तरी काम संपत नाही. लूमच्या शेडमध्ये कापसाचे तंतू उडत असतात. पत्र्याच्या झाकणाचं, म्हणजे झेडझेड, बेअरिंग तिथे दिलं तर झाकणाच्या फटीतून तंतू आत जाऊन ग्रीसमध्ये गुंततात, वातीसारखं तेल ओढतात आणि ग्रीस कोरडं पडतं. तिथे रबरी सीलचं, टूआरएस, द्यावं. मोटार तापणारी असेल तर सी-३, म्हणजे आत जास्त मोकळीक असलेलं, विचारावं, कारण उष्णतेनं आतली कडी फुगते आणि साध्या बेअरिंगमध्ये गोळ्यांना जागा उरत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ही काही पुस्तकातली गोष्ट राहत नाही.

बेल्टची कथा वेगळी. बी-५४ मधला ५४ हा आतल्या घेराचा इंचाचा आकडा. नंबर पुसलेला बेल्ट टेप लावून बाहेरून मोजला की ५७ च्या जवळ येतो, कारण बी बेल्टची जाडी ११ मिमी आणि तेवढ्यानं घेर पावणेतीन इंच वाढतो. ए बेल्टला हाच फरक दोन इंचांचा. वर जुना बेल्ट ताणलेला. म्हणजे ज्यानं बाहेरून मोजून “५७ द्या” म्हटलं, त्याला ५७ देणारं काउंटर ग्राहकाचं ऐकणारं नव्हे, ग्राहकाला परत पाठवणारं काउंटर. तीन बेल्टची पुली असेल आणि एकच तुटला असेल तरी तिन्ही बदलायला सांगावं. नवा आखूड, जुने सैल, सगळा भार नव्यावर. ग्राहकाला वाटतं दुकानदार माल खपवतोय. वाटू द्यावं. पुलीची खाच तळाला चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय, बाजूंनी धरत नाही. मग बेल्ट कितीही बदला, बदलायची आहे ती पुली. हे सांगितलं की बेल्टची विक्री जाते. सांगावंच लागतं.

ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, तिचं तर सांगायलाच नको. ३५-५२-१० म्हणजे शाफ्ट ३५, घर ५२, जाडी १०. जुन्या सीलचं भोक व्हर्निअरने मोजलं की कमीच येतं, कारण सीलची आतली रबरी कड, म्हणजे ओठ, शाफ्टला दाबून बसावा म्हणून तो मुळात लहान असतो. शाफ्ट मोजावा, सील नव्हे. आणि शाफ्टवर ओठानं घासून खाच पडली असेल तर नवं सील पहिल्या दिवशीच गळतं. अशा वेळी घरात जागा असेल तर सील दोन-तीन मिमी आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणावा, नाहीतर शाफ्टला स्लीव्ह, म्हणजे वरून बसणारी नळी, घालावी. सील परत घेऊन येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांचा दोष शाफ्टमध्ये असतो. उरलेल्यांनी स्प्रिंगची बाजू तेलाकडे न ठेवता उलटी ठेवलेली असते.

पुढची वर्षं चांगली गेली. गळीत हंगामाआधी साखर कारखान्यांची बेअरिंगं, संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत थोडी ढिलाई, पाऊस लागला की शेतीपंपांची सील. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

मग तीन गाळे सोडून एक दुकान निघालं. नाव घेत नाही. स्पर्धेचं वाईट वाटत नाही, बाजारपेठ म्हटलं की शेजारी आलाच. वाईट वाटलं ते पद्धतीचं. आमच्याकडे बेअरिंग उघडून, मापून, जुन्याशी ताडून, योग्य नंबर कागदावर लिहून घ्यायचा आणि तो कागद तिकडे नेऊन वीस-तीस रुपये कमीत माल घ्यायचा, असा रस्ताच पडला. तिकडे प्रश्न विचारला जात नव्हता. कागद दिला की डबी. त्या डबीत काय आहे हे दोन महिन्यांनी कळायचं, आणि तोवर दोष मोटारीचा, जॉबरचा, विजेचा, सगळ्यांचा निघालेला असायचा.

खरा फटका मात्र आमच्याच चुकीचा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि काही आठवडे माल वेळेवर मिळेना. ६२०५ टूआरएसचा साठा संपत आला. एका घाऊक व्यापाऱ्यानं चारशे नग देऊ केले, नेहमीपेक्षा बऱ्याच कमी भावात, “बिल नंतर पाठवतो” म्हणून. भागीदार नको म्हणत होते. साठा रिकामा दिसू नये या हट्टापायी आम्ही घेतले. पक्कं बिल कधीच आलं नाही.

तीन आठवड्यांत पहिली मोटार ओरडली. मग दुसरी. परत आलेली बेअरिंगं कापून बघितली तेव्हा एका बेअरिंगमधल्या गोळ्या एकसारख्या चमकत नव्हत्या, कडीत गोळ्या धावतात त्या वाटेवर पापुद्रे सुटले होते, ग्रीस जेमतेम. नकली माल. डबी इतकी चांगली होती की भागीदारही फसले. कडीवरचा छाप थिनरच्या बोळ्यानं पुसट झाला तेव्हा खात्री पटली. (ही चाचणी हलक्या नकलेला लागू. चांगल्या नकलेचा छाप पुसत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नका. आता कंपन्यांची तपासणीची ॲप आहेत, ती वापरा. सर्वांत भरवशाची खूण मात्र भाव आणि बिल.)

विकलेले दोनशेसाठ नग होते. कुणाला दिले याची नोंद निम्म्यांचीच, कारण रोखीच्या विक्रीत नाव लिहायची सवय नव्हती. ज्यांची सापडली त्यांना बोलावून बदलून दिले, अस्सल मालाच्या भावानं आणि आमच्या खिशातून. उरलेले एकशेचाळीस हातोड्यानं फोडून भंगारात घातले. घाऊक व्यापाऱ्याकडे दाद मागायला कागद नव्हता. पक्कं बिल नाही म्हणजे माल तुमचाच, असं त्यानं फोनवर शांतपणे सांगितलं. कच्च्या बिलावर कराची वजावट मिळत नाही ते वेगळंच. तीन गाळे पलीकडून बातमी पेठेत फिरली, तीही अशी की आम्ही जाणूनबुजून विकलं. ज्यांनी कधी प्रश्न विचारला नाही त्यांनी आमच्यावर बोट ठेवावं, ही सल अजून गेलेली नाही.

एका टॉवेल कारखानदारानं त्या दिवसांत दुकान तारलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. घरात तेलुगू, काउंटरवर मराठी, हिशेबात कमी बोलणं. त्यांचा जॉबर कधीही रिकाम्या हातानं येत नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं : मोटार १ एचपी, ९६०, पुलीकडचं, चौथ्यांदा. आणि जुनं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत. “पुलीकडचं” हा एक शब्द आम्हाला शंभर रुपयांच्या सल्ल्याइतका. फक्त पुलीकडचंच वारंवार जात असेल तर दोष बेअरिंगचा नाही, बेल्ट जास्त ताणलाय. दोन पुल्यांमधलं अंतर ५०० मिमी असेल तर बेल्ट मध्यावर आठेक मिमी दबला पाहिजे, फार तर दहा. अण्णांच्या शेडमध्ये तो दोरीसारखा कडक होता. ढिला केला, पाचवी चिठ्ठी आली नाही. त्या माणसानं नकली मालाच्या गडबडीत सहा महिन्यांच्या सुट्या मालाची आगाऊ रक्कम पाठवली, सोबत एकच अट : प्रत्येक नगावर दुकानाची खूण.

ती खूण आजही चालू आहे. बाहेरच्या कडीच्या तोंडावर पंच मारायचा नाही, रंगाचा ठिपका द्यायचा. दर तिमाहीला रंग वेगळा. वहीत तारीख, नंबर, ग्राहकाचं किंवा निदान जॉबरचं नाव. परत आलेल्या मालाचा वाद दोन मिनिटांत मिटतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, लूम थांबले, उधारी थांबली. त्यावर बाकीचे लिहितील. आमच्यासाठी २०१७ जास्त अवघड होतं, कारण तिथे दोष आमचा होता.

आता कोणी विचारलेलं नाही तरी सांगतो, काउंटर चालवणाऱ्यांसाठी. “नाही” म्हणायला शिका. माल नसेल तर “यासारखंच आहे, चालेल” असं म्हणू नका. ६२०५ ऐवजी ६३०५ चालत नाही, भोक एक असलं तरी बाहेर ५२ च्या जागी ६२ आहे. साखर कारखान्याचा माणूस २२२२० नंबरचं मोठं बेअरिंग मागत असेल तर “के” आहे का विचारा. के म्हणजे आतून निमुळतं, स्लीव्हवर बसणारं. त्याच्यात शाफ्ट ९० चा असतो, १०० चा नव्हे. हंगाम चालू असताना ही चूक झाली तर कारखाना तुमचं नाव विसरत नाही. उधारीची मुदत तोंडी ठेवू नका. ओळखीच्या माणसाकडे आधी लक्ष आणि समोर उभ्या शेतकऱ्याला ताटकळत ठेवणं, हे आपल्या पेठेत सगळ्यांत जास्त होतं. पंप बंद पडलेला माणूस गावाहून एसटीनं आलेला असतो.

आणि आणणाऱ्यांसाठी : जुनं बेअरिंग धुऊन, पुसून आणू नका. तसंच मळकं आणा. बाहेरची कडी घासून चकाकत असेल तर ती घरात फिरतेय, घराला पंच मारून भागत नाही, टर्नरकडून बुश, म्हणजे आतून बसणारी नळी, घाला. वाटेवर गोळ्यांच्या अंतरानं खळगे असतील तर बसवताना बाहेरच्या कडीवर हातोडा पडलाय. शाफ्टवर बसवताना दाब आतल्या कडीवरच द्यायचा, पाइपचा तुकडा लावून. तापवायचं तर तेलात, ११० अंशांच्या आत. सीलबंद बेअरिंग तेलात घालायचंच नाही, आणि गॅसची ज्योत कुठल्याच बेअरिंगवर धरायची नाही. ग्रीस काळंनिळं झालं असेल तर ते कशानं झालं हे आधी शोधा, नवं बेअरिंग नंतर.

हे सगळं काउंटरवर फुकट सांगितलं जातं. हल्ली तीन गाळे पलीकडे माल घेतलेले लोकही संध्याकाळी डबी उघडून आमच्यापुढे धरतात, “घेतलंय तिकडून, तेवढं बघून सांगा की.” आम्ही व्हर्निअर लावतो, ठिपका आपला नाही हे बघतो आणि सांगतो. त्याचे दहा रुपये लावावेत असं भागीदार गेली तीन वर्षं म्हणतायत. पाटी रंगवून तयार आहे, गल्ल्यामागे उभी करून ठेवली आहे.